डब्यातल्या एकूणपन्नास गोळ्या

पुणे, रविवार

ती. बाबा व आई यांस,
सा. न.

दसऱ्याला आले तेव्हा तुमच्या एपिक्साबॅनचा, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डबा मी मोजला, बाबा. चवथीहून परत निघताना त्यात सहा स्ट्रिपा, म्हणजे साठ गोळ्या ठेवून गेले होते. सकाळी एक, रात्री एक. तीन आठवड्यांनी अठरा उरायला हव्या होत्या, निघाल्या एकूणपन्नास. साडेपाच दिवस घेतल्यात आणि सोडून दिल्यात. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, म्हणून बोलले नाही.

कारण आईने मग मागीलदारी सांगितलं. कुळागरात झावळ तोडताना कोयता लागला, रक्त लवकर थांबेना, आणि 'ही गोळी माझं रक्त पाणी करते' म्हणून तुम्ही ती बंद केलीत. आई, तू पंधरा दिवस हे लपवलंस, त्याचा राग अजून आहे.

बाबा, तुम्ही म्हणता, धडधड नाही, दम लागत नाही, मग गोळी कशाला? अडचण नेमकी तिथेच आहे. तुमच्या आजारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो, त्यात रक्त साचून गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो, आणि धडधड जाणवत नाही म्हणून तो कमी होत नाही. तुमची दुसरी गोळी, मेटोप्रोलोल, ठोक्यांचा वेग आवरते. एपिक्साबॅनने ठोके सुधारत नाहीत, ती फक्त गुठळी होऊ देत नाही. तिचा असर एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून 'उद्या घेईन' इथे चालत नाही. एखादी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम नकोत.

कोयता पुन्हा लागेल, तुम्ही काही कुळागर सोडणार नाही. लागला की स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधेच उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना. शेवाळावरून घसरून डोकं आपटलं तर मात्र 'काही झालं नाही' म्हणत घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणता ती डायक्लोफेनॅक बंद, तिने रक्तस्राव वाढतो. काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि वैद्यांचा काढाही त्यांना दाखवा. दात काढायला गेलात तर आधी गोळीचं सांगा. एप्रिलातल्या हुर्राकाबद्दल मी लिहीत नाही. दारूने ठोके बिघडतात एवढं तुम्हाला ठाऊक आहे.

आई, शेजारणीचं ऐकून तू तांबडी भाजी बंद केलीस ना? ते पथ्य वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी घेणाऱ्यांचं, आणि त्यांनाही पालेभाजी सोडायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. बाबांची गोळी वेगळी आहे. घाल खोबरं आणि कर. आणि बीपीच्या मशीनवर एकदा 72, एकदा 110 ठोके बघून घाबरू नकोस. ठोकेच अनियमित, तर मशीन गोंधळणारच. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोज. बसल्या जागी 110 च्या वर राहिले, किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट 108.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून फ्रिजला चिकटव. बाबांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं जड झालं, तर 108. मला फोन नंतर. पाणी पाजायचं नाही, झोपून बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही. बांबोळीला हॉस्पिटलात पोचल्यावर दोन गोष्टी सांगायच्या: शेवटचे ठीक कधी होते, आणि शेवटची गोळी कधी घेतली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि रक्त पातळ करायची गोळी पोटात असेल तर ते द्यायचं की नाही हा विचार वेगळा होतो.

मी तुमच्या डॉक्टरांशी बोलले. गोळी आज रात्रीपासून पुन्हा सुरू करायची आहे. किडनीची रक्ततपासणी या महिन्यात करा, तिच्यावरून डोस ठरतो.

प्रत्येक स्ट्रिपच्या मागे पेनाने तारीख घाला, बाबा. दिवाळीला येतेय, पुन्हा मोजणार आहे.

तुमची,
बाय