सच्याला पत्र : खुर्ची नंबर 47

प्रिय सच्या,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, रिप्लाय टाईप करायला घेतला तर तो लांबतच चालला, म्हटलं जाऊ दे, बसून पत्रच लिहू. MPSC ला सव्वा मार्काने गेलास हे वाचून सांत्वन वगैरे काही सुचलं नाही, सरळ शिवीच आली तोंडात. पण खाली तू लिहिलंस की "तू बरा कम्फर्ट झोन सोडून गेलास, माझ्यात तेवढी हिंमत नाही", त्यावर मात्र हसू आलं. राग मानू नको.

कारण खरं काय झालं ते तुला मी कधी सांगितलंच नाही. 2022 च्या पावसाळ्यात पुणं सोडलं ते हिंमत आली म्हणून नाही, रूमवाल्याने भाडं वाढवलं आणि त्याच आठवड्यात दादा फोनवर म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू." चिडून म्हणाले असते तर मी भांडून अजून एक वर्ष काढलं असतं. ते चिडले नव्हते रे, थकले होते. दुसऱ्या दिवशी पुस्तकं पोत्यात भरली आणि एसटी धरली. तुला स्टँडवर "दोन महिन्यांत येतो" म्हणालो ती थाप होती, आणि तुलाही ते कळत होतं.

आता कम्फर्ट म्हणशील तर त्या अभ्यासिकेत काय होतं सांग. 47 नंबरची खुर्ची, एक हात मोडलेला, वर टकटक करणारा फॅन, मेसची ती पाण्यासारखी डाळ. पण होता कम्फर्ट, लई होता. कारण तिथं कोणी काही विचारत नव्हतं. सगळेच प्रिलिमला उडालेले नाहीतर मेन्सला अडकलेले, मग कोण कुणाला विचारणार. मार्च 2021 आठवतंय? 14 तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, आपण रस्त्यावर बसलो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, मग परीक्षा 21 ला झाली. त्या रात्री मी मनातून खूश होतो सच्या. आठ दिवस वाढले म्हणून. बाहेर ओरडत होतो आणि आत बरं वाटत होतं, हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

गावात आल्यावर वर्षभर तर मी दिवसा पारावर गेलोच नाही. सगळे "साहेब" म्हणायचे ना, "साहेब, निकाल कधी?" शेतात जायचं तर ओढ्याच्या वाटेने, म्हणजे हॉटेल लागत नाही. त्यात आतेभावाचं बघून रेशमाच्या अळ्या पाळायचं ठरवलं, त्यांना पाला लागतो म्हणून एक एकर तुती लावली, व्ही-1 जातीची, मनरेगातून अळ्यांसाठी शेडही मंजूर झालं. लोकांना वाटायचं साहेब टाइमपास करतायत, निकाल लागेपर्यंत. मीही तसंच वाटू दिलं.

पहिली बॅच दीडशे अंडीपुंजांची, म्हणजे अंड्यांच्या दीडशे पुंजक्यांची. चॉकी सेंटरवरून, म्हणजे अळ्या लहानपणी वाढवून देतात तिथून, अळ्या आणल्या, एवढ्याशा, शेवईच्या तुकड्यांसारख्या. चार दिवसांनी बघतो तर सगळ्या डोकं वर करून गप्प, पाल्याला तोंड लावेनात. मी रात्री साडेअकराला आतेभावाला फोन लावला की मेल्या रे सगळ्या. तो इतका हसला. कात टाकायला बसल्या होत्या, दिवसभर खात नाहीत तेव्हा, वरून चुना धुरळायचा आणि गप राहायचं. बरं, पाचव्या, म्हणजे कोष करायच्या आधीच्या शेवटच्या अवस्थेत आल्या की उलटं, सगळ्या बॅचच्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांच्या वर पाला त्या शेवटच्या आठवड्यात जातो, रात्री शेडमध्ये उभं राहिलं की कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो, लाईट बंद केला तरी चालूच.

आणि तिथंच गेली बॅच. पाचवीचा तिसरा दिवस. शेजारच्या कपाशीवर फवारणी झालेली, वारा आमच्या तुतीकडे, मला पत्ता नाही, मी पहाटे तोच पाला तोडून टाकला. दुपारपर्यंत अळ्या वळवळून हिरवं ओकायला लागल्या, संध्याकाळी रॅकवर हात फिरवला तर सगळं मऊ आणि थंड. साठ-सत्तर हजार अळ्या. दादा आणि मी टोपल्यांनी खड्ड्यात ओतल्या, वर चुना टाकला, दोघंही एक शब्द बोललो नाही. आई म्हणाली अंघोळ करून घ्या, पाणी तापलंय.

त्या रात्री मी काय केलं माहितीये? अभ्यासिकेच्या मालकाला मेसेज टाकला की 47 रिकामी आहे का. त्याचा अंगठा आला आणि खाली "नाही, वेटिंग आहे". वेटिंग! त्या मोडक्या खुर्चीला!

मग दोन-तीन दिवस पडून राहिलो. शेजाऱ्याला शिव्या घालत होतो, आणि तो शेजारी म्हणजे आमचा चुलताच, त्याला काय स्वप्न पडणार होतं की आमच्या शेडमध्ये अळ्या आहेत? मी सांगितलं कुठं होतं. सांगितलं असतं तर "साहेब अळ्या पाळतायत" हे गावभर झालं असतं ना. साठ हजार अळ्या माझ्या लाजेनं मेल्या असं मला वाटतं, औषध निमित्त.

पुढच्या बॅचच्या आधी तुतीच्या आजूबाजूला ज्यांची रानं आहेत अशा आठ घरी गेलो. सकाळीच, पारावरून, मुद्दाम. माझे पाय कसे झाले होते ते मलाच ठाऊक, मुलाखतीला गेलो असतो तरी एवढी फाटली नसती. "तात्या, मी रेशीम करतोय, फवारायच्या आदल्या दिवशी एक फोन करा." बस एवढंच वाक्य, आठ वेळा. सहा घरी चहा झाला. एका म्हातारीने विचारलं, "मग ते साहेबाचं राहिलं का रे?" मी म्हटलं, "राहिलं, आजी." ती म्हणाली, "बरं, दुधाची चरवी घेऊन जा आईची." झालं, एवढंच झालं. ज्या वाक्याला मी सहा वर्षं घाबरत होतो, त्यावर तिला चरवीची आठवण झाली.

त्या बॅचला 98 किलो कोष निघाले. जालन्याला नेले, 2018 पासून तिथं कोषबाजार आहे म्हणून बरं, आधी लोक पार कर्नाटकात रामनगरला न्यायचे. लिलावात किलोला 460 चा भाव लागला. त्यानंतर एक बॅच ग्रासरीने, अळ्यांच्या रोगाने, अर्धी गेली, त्यामुळे मी काही सेट झालोय असं समजू नको, खतवाल्याची उधारी आहे अजून.

तुझं म्हणशील तर परीक्षा सोड असं मी सांगणार नाही. आता पॅटर्न वर्णनात्मक झालाय, तुझा हात लिहिता आहे, जमेलही तुला. पण ती गट-कची ऑर्डर खिशात ठेवून तू घरी सांगितलेलंसुद्धा नाहीस, जॉइनिंगची तारीख जवळ आली आणि म्हणतोस अभ्यास बुडेल. सच्या, खरंच अभ्यास बुडेल, का "सात वर्षं करून क्लार्क?" हे ऐकायचं नाहीये? मला खोटं सांगितलंस तरी चालेल, काकूंना फोन करून ऑर्डर आल्याचं तेवढं सांग. आजच. त्या रडतील, आनंदानं, मी पैज लावतो पाचशेची.

आणि जॉइन व्हायच्या आधी चार दिवस इकडे ये. 3 तारखेला चॉकी येतेय, म्हणजे 13 च्या पुढे पाचवी लागेल, फांद्या तोडायला माणूस कमी पडतो, रात्रीचा पाला तू टाक, मी झोपतो. गाडी पकडलीस की फोन कर, फाट्यावर येतो घ्यायला. फक्त तो तुझा डिओ मारून येऊ नको, अळ्यांना वास चालत नाही, शेडच्या दारातूनच परत पाठवीन.

तुझाच,
47 वाला