एक काम, आठवणीसकट

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांना,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू आत्याजवळ जे बोललीस ते फिरून माझ्यापर्यंत आलं. "एवढं शिकलेलं पोरगं बायकोची भांडी घासतंय, बघवत नाही मला." मला राग आलेला नाही. पण ते शुभांगीच्याही कानावर गेलं आणि ती दोन-तीन दिवस गप्प गप्प होती, म्हणून लिहायला बसलो. फोनवर हे बोलणं व्हायचं नाही. तू रडायला लागशील आणि बाबा नेहमीसारखं "थांब, आईकडं देतो" म्हणून मोकळे होतील. तेव्हा बाबा, हे पत्र तुम्ही मोठ्यानं वाचा, म्हणजे दोघांचंही एकदमच ऐकून होईल.

बाबा, मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "त्यात असतं तरी काय, आणि त्यानं पोट भरणार हाय काय?" सरकारी पाहणीचं काम मला त्या विषयामुळंच लागलं, म्हणजे पोट भरतंय. त्यात काय असतं ते आज सांगतो, कारण ते आपल्याच घराबद्दल आहे.

२०२४ साली देशभर वर्षभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातली काही घरं माझ्याकडं होती. घरातल्या सहा वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाचं लिहून घ्यायचं: काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत काय काय केलं? अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक खण, असे ४८ खण. कुठलं घर, कुठलं गाव हे सांगायची मला मुभा नाही. पण एक गोष्ट इतक्या घरांत सारखीच घडली की ती सांगायला हरकत नाही. बाईचं विचारायला लागलं की नवराच बोलायचा, "तिचं काय लिहिताय, ती घरातच असती." मग मी म्हणायचो, त्यांनाच सांगू दे. बाई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि तीही म्हणायची, "त्यात काय सांगायचं, रोजचंच आहे." एकेक खण विचारत गेलो की हळूहळू बाहेर पडायचं. पाणी भरलं, झाडलोट, गोठा, भाकरी, सासऱ्यांच्या अंघोळीचं पाणी, पोरीची वेणी, डबे. माझं बोट टॅबवर दुपारच्या १ पर्यंत पोचेतोवर दारात उभा असलेला नवरा खाली टेकलेला असायचा. काही काही जण तर बायकोकडं अशा नजरेनं बघायचे, जणू ही बाई आजच घरात आलीय.

देशाचा हिशेब असा निघाला. जी बाई घरकाम करते तिची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जो पुरुष घरकामाला हात लावतो त्याची ८८. त्याआधीची, म्हणजे पहिली देशव्यापी पाहणी २०१९ ची. तेव्हा हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. मधलं अंतर तेव्हा २०२ मिनिटांचं होतं, आता २०१ चं आहे. आणि हे पुरुष म्हणजे सगळे पुरुष नव्हेत. २०१९ ला, ज्या दिवसाची चौकशी केली त्या दिवशी घरकाम केलेले पुरुष शंभरात २६ होते. बायका ८१.

आई, ते खण भरताना मला तुझाच दिवस दिसायचा. रात्री विड्यांचा पाला भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचीस. पहाटे चावीवरचं पाणी, मग भाकरी, बाबांचा वखारीत न्यायचा डबा, आमची शाळा. आणि मग उंबऱ्याजवळ उजेडाला मांडीवर सूप घेऊन बसायचीस. पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची, चिमटीभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मधेच आमटी ढवळायला उठायचीस, आणि हाताचा तंबाखूचा वास जेवणाला लागू नये म्हणून आधी राखेनं हात घासायचीस. पुन्हा येऊन सूप मांडीवर. संध्याकाळी कारखान्यावर कट्टे मोजून घ्यायचे, खराब निघालेल्या विड्या बाजूला टाकायचे, हजारामागं मजुरी ठरलेली.

१९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानं घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. पुढं फंडही लागू झाला. तुझ्या फंडातनं तू अनूला बारशात पैंजण केलेस, ते अजून जपून ठेवलेत. पण त्याच उंबऱ्याजवळ, त्याच दोन हातांनी जी आमटी ढवळली तिची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. नुसतं घरचं बघणारी बाई जनगणनेत काम न करणाऱ्यांत धरतात. २००१ च्या जनगणनेत तर अशा बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत टाकलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती गांगुलींनी २०१० च्या एका निकालात त्यावर कडक शब्दांत लिहिलं. मग ५ जानेवारी २०२१ ला आणखी एक निकाल आला. दिल्लीत अपघातात नवरा-बायको दोघंही गेले होते, त्यांच्या लेकरांच्या भरपाईचा खटला. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की घर चालवणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे. त्या निकालपत्रात २०१९ च्या पाहणीतले तेच २९९ आणि ९७ आहेत. ते वाचताना मला फार भरून आलं. आमच्यासारखी पोरं दारोदार फिरून जे खण भरतात, ते कोर्टाच्या कागदावर आले होते.

बाबा, इथवर वाचून तुम्हाला वाटेल, पोरानं मलाच पिंजऱ्यात उभं केलं. तसं मुळीच नाही. आईची पिशवी काढली तेव्हा मी सातवीत होतो. पहाटे अंधारात तुम्ही चावीवर जाऊन पाणी आणायचा, परत येऊन सोप्याचं दार लावून घ्यायचा आणि मग स्टो पेटवायचा. पिठलं तुमचं छान व्हायचं. आईची लुगडीसुद्धा तुम्ही न्हाणीत धुवायचा, पण वाळत घालायला मला पाठवायचा. तेव्हा मला कळत नव्हतं दार का लावताय. पुढं अभ्यासात कळलं.

एलिझाबेथ बॉट म्हणून एक बाई होत्या. त्यांनी लंडनमधल्या २० कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९५७ साली छापून आला. त्यांना असं दिसलं, की ज्या जोडप्याचे नातेवाईक, शेजारी, दोस्त सगळे एकमेकांनाही धरून असतात, तिथं नवऱ्याची कामं निराळी आणि बायकोची निराळी राहतात. जिथं ही वीण सैल असते तिथं दोघं मिळून करतात. कारणं दोन. घट्ट गोतावळ्यात प्रत्येकावर बाकीच्यांची नजर असते. आणि अडीअडचणीला बाईला बायका मिळतात, पुरुषाला पुरुष, त्यामुळं नवरा-बायकोला एकमेकांवर टेकायची पाळीच फारशी येत नाही. आपली गल्ली याहून वेगळी आहे काय? आई अंथरुणाला होती तेव्हा काकी रोज कालवण पाठवायची. आणि तुम्हाला कपडे धुताना बघितलं असतं तर सगळ्या भावकीत पहिल्यांदा तीच बोलली असती. दोन्ही तितकंच खरं. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही. भांडी घासायला मला काही धाडस लागत नाही. तुम्हाला लागत होतं, आणि तरी तुम्ही केलंत. म्हणून माझा तुमच्यावर भरवसा आहे.

आता शुभांगीचं. तिचा पगार माझ्याहून थोडा जास्त आहे, म्हणून ती मला राबवून घेते असं आत्याचं म्हणणं दिसतंय. काही अभ्यासांत उलटंच आढळलंय. ऑस्ट्रेलियातला २००३ चा एक अभ्यास सांगतो, की बायको नवऱ्याहून जास्त कमवायला लागली की तिचं घरकाम कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. लोकांच्या दृष्टीनं उलटं झालेलं घर ती जास्त राबून सुलटं करायला बघते. अमेरिकेत आर्ली हॉक्शिल्ड यांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरात बसून बघितलं आणि १९८९ साली लिहिलं, की नोकरी, घर आणि पोरं मिळून बायका नवऱ्यांपेक्षा वर्षाकाठी एक महिना जास्त काम करतात. तोही रात्रंदिवस चोवीस तासांचा महिना. शुभांगी रात्रपाळी करून सकाळी ८ ला दवाखान्यातनं येते. तिनं येऊन आधी भांड्यांचा ढीग बघावा असं तुला तरी वाटतं काय, आई? तूच तिच्या पायाला तेल लावून दिलं होतंस ना, अनूच्या वेळी.

मला वाटतं तुझं दुःख भांड्यांचं नाहीच. जे काम तू जन्मभर एकटीनं ओढलं, ते लेकानं सहज उचललं, तर मग माझ्या राबण्याला काय अर्थ राहिला, असं कुठंतरी तुझ्या मनात आलं असेल. आणि स्वयंपाकघर हीच तर एक जागा होती जिथं तुझा शब्द चालायचा. आजी गेल्यावर चुलीपुढचा पाट तुझा झाला, तो मिळवायला किती वर्षं गेली ते मी बघितलंय. तो कुणी काढून घ्यावा असं मी म्हणत नाही. माझ्या भाकरीला तुझ्या हाताची सर यायची नाही. पण गुडघा धरून उठतेस तेव्हा तोंडातनं जो आवाज निघतो तो मला इथं फोनवर ऐकू येतो.

बाबा वखारीतनं रिटायर झाले तेव्हा हार घातला, फोटो काढला. तुझ्या हातातलं सूप सुटलं, उलथनं सुटलं नाही.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये तुझ्या खात्यावर येतात याचा मला फार आनंद आहे. कन्नडमधला अर्ज शेजारच्या पोराकडनं भरून घेतलास, बँकेत स्वतः गेलीस, हे सगळं चांगलं झालं. पण बाबा गमतीनं "आता तुला सरकारचा पगार" म्हणतात, तेव्हा मला हिशेब सुचतो. दिवसाची २८९ मिनिटं म्हणजे महिन्याचे साधारण १४४ तास. ताशी १४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. पैसे येऊ देत, ते तुझ्या हक्काचे आहेत. त्या पैशानं तुझ्या हातचं एकही काम मात्र दुसऱ्याच्या हातात गेलेलं नाही.

म्हणून बाबा, एक मागणं. तुम्ही आत्ताही बरंच करता, दळण आणता, बाजारातनं भाजी आणता. पण काय आणायचं ते आई सांगते, पिशवीही तीच हातात देते, आणि कोथिंबीर राहिली तर तिलाच आठवतं. अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ ला नेमकं यावरच लिहिलंय. काय लागणार ते आधी ओळखणं, काय काय करता येईल ते शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं, असे कामाचे चार भाग त्यांनी पाडले. ठरवायला नवरा-बायको बहुतेक दोघं असतात. पहिला आणि शेवटचा भाग मात्र बायकोच्याच डोक्यात चालतो. हा वेळ आमच्या ४८ खणांतही नीट बसत नाही, कारण तो विळीवर कांदा चिरताना, झोप लागताना, मधेच चालू असतो. आमच्या घरी अनूचे डबे पूर्ण माझ्याकडं आहेत. उद्या डब्यात काय, बटाटे आहेत काय, डबा परत आला काय, शुभांगी त्यात बघत नाही. तिची झोप त्यामुळं सुधारली असं ती सांगते.

बाबा, तुम्ही रात्रीचं जेवण घ्या. सगळं. पीठ किती उरलंय तिथंपासनं ओटा पुसेपर्यंत. पिठलं-भात रोज झाला तरी चालेल, हळूहळू आमटीही जमेल. दार लावून घेऊ नका. काकी बोलली तर बोलू दे, तिच्याही गुडघ्यांचं तेच झालंय.

आणि आई, त्यांनी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेऊ नकोस. मीठ कमी पडलं तर वरून घे. ते चुकतील, विचारतील, "जिरं कुठं ठेवलंय?" पहिले काही दिवस सांग, मग सांगू नकोस.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी १८ तारखेला बोलावलंय. फाईल, एक्स-रे, गोळ्यांची चिठ्ठी, रिक्षा, सकाळी उपाशीपोटी जायचं की खाऊन, सगळं या खेपेला बाबांनी बघायचं. आई, तू आठवण करून द्यायची नाहीस. आदल्या दिवशी मी फोन करतो तसा करणारही नाही. १८ ला रात्री बाबांनी मला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सांगावं, आणि फोन आईकडं न देता सगळं स्वतःच सांगावं.

अनू तुम्हा दोघांना पापा पाठवते. शुभांगीचा नमस्कार.

तुमचा
बाळू