यादीतला ‘एन. ए.’ : अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई.

विषय : तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांचा परवाना वाढवताना पाईप आणि व्हॉल्व्ह यांच्या तपासणीची पूर्ण यादी लोकांसमोर ठेवण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बोईसरला राहतो. नोकरीची एकतीस वर्षं पाईपांची जाडी मोजण्यात गेली. अणुवीज केंद्रात मी कधी काम केलेलं नाही, माझं सगळं आयुष्य एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत गेलं. पण पाईपाची भिंत झिजते ती कारखान्याची पाटी बघून झिजत नाही. म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मी समजतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देत आल्या. बांधल्या तेव्हा प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. पुढे बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या आणि क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली. त्यांच्याच पिढीची अमेरिकेतली ऑयस्टर क्रीक भट्टी २०१८ साली कायमची बंद झाली. आपल्याकडे २०२० साली दोन्ही भट्ट्या थांबवून मोठं काम हाती घेतलं गेलं. भट्टीचं पाणी फिरवणारे रिसर्क्युलेशनचे जुने पाईप काढून नवे घालायचे, हा त्या कामाचा गाभा.

हे काम किती जरुरीचं होतं ते मला कळतं. उकळत्या पाण्याच्या या जातीच्या भट्ट्यांमध्ये साध्या स्टेनलेस स्टीलला एक जुना रोग आहे. वेल्डिंगच्या सांध्याशेजारची पट्टी उष्णतेने बिघडते, तिथे क्रोमियम कमी पडतं, सांध्यातला ताण धातूला ओढत राहतो आणि पाण्यातला प्राणवायू उरलेलं काम करतो. चीर धातूच्या कणांच्या कडेकडेने आतून सरकते. बाहेरून पाईप नव्यासारखा चकचकीत दिसतो. नवे पाईप आले याचा इथल्या प्रत्येक माणसाला आनंदच व्हायला हवा. त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्याच इमारतीत १९६९ पासून जागेवर असलेल्या, न बदललेल्या लाइनींची आणि व्हॉल्व्हांची. त्या कोणी, कशाने, किती ठिकाणी बघितल्या?

हा प्रश्न मला का छळतो ते सांगतो. १९९० च्या दशकातली गोष्ट. एका कारखान्यात दरवर्षी शटडाऊनला कंडेन्सेटची, म्हणजे थंड होऊन पाणी झालेल्या वाफेची, सहा इंची लाइन मोजायचं काम माझ्याकडे असे. ड्रॉइंगवर चव्वेचाळीस पॉइंट. प्रत्येक पॉइंटला लॅगिंगमध्ये, म्हणजे पाईपावरच्या उष्णतारोधक आवरणात, खिडकी कापलेली, आत पिवळ्या पेंटचा ठिपका. ठिपका पुसायचा, जेलचं बोट फिरवायचं, प्रोब, म्हणजे आवाजाच्या लहरीने जाडी मोजणाऱ्या यंत्राचं टोक, टेकवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही आणि मग खाली हेल्परला ओरडून सांगायचं. नव्या पाईपाची भिंत ७.१ मिलीमीटर, आणि बहुतेक ठिकाणी सहाच्या वर मिळायचं. पॉइंट नंबर ३१ कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढच्या एल्बोवर, म्हणजे पाईपाच्या वळणावर, होता. मध्ये केबल ट्रे आलेला. परांची बांधल्याशिवाय हात पोचत नसे, आणि शटडाऊनमध्ये परांचीला वेळ मिळत नसे. तिथे मी ओळीने तीन वर्षं ‘एन. ए.’ लिहिलं. नॉट ॲक्सेसिबल, हात पोचला नाही. खाली माझी सही, त्याखाली इंजिनिअरची सही, लाइन पास.

चौथ्या वर्षी रंगाऱ्यांची परांची नेमकी शेजारी उभी होती म्हणून चढलो. लॅगिंग काढलं, प्रोब टेकवला. ३.४. मनात म्हटलं, चला, फार वाईट नाही. सवयीने अर्धा इंच बाजूला सरकवला, तर १.७. परत मागे, ३.४. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या पोटात इथे गोळा येईल. भिंत प्रोबच्या मर्यादेखाली गेली की आवाजाची लहर आत दोन फेऱ्या मारते आणि यंत्र जाडी दुप्पट सांगतं. तिथे कुठेही ३.४ नव्हतंच. एल्बो त्याच दिवशी कापला. आतून बघितला तर वाळूवर शिंपले दाबून उचलावेत तशा खळग्याच खळग्या. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्या लाइनीखालून रोज शिफ्टची माणसं डबा खायला जात.

ती तीन ‘एन. ए.’ माझ्या हातची आहेत. ती मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच कुठल्याही तपासणी अहवालात मी आधी न मोजलेल्या पॉइंटांचा रकाना शोधतो.

जपानमध्ये मिहामाच्या तिसऱ्या भट्टीत हेच झालं, फक्त तिथे वेळ आली. ९ ऑगस्ट २००४. टर्बाइनच्या इमारतीतली कंडेन्सेटची मोठी लाइन फुटली, उकळतं पाणी आणि वाफ माणसांवर आली, पाच कामगार गेले. पाईपाची भिंत मूळ १० मिलीमीटरची, फुटली तिथे दीड मिलीमीटरहूनही पातळ झाली होती. वाहत्या पाण्याने पोलाद खाल्लं जातं हे शास्त्राला ठाऊक होतं. १९८६ साली अमेरिकेत सरी इथे अशीच लाइन फुटून चार माणसं दगावली होती आणि जगभर सूचना गेल्या होत्या. मिहामाला तपासणीचा कार्यक्रमही होता, आराखडाही होता. पण तो नेमका तुकडा यादीतून सुटला होता. १९७६ ला भट्टी सुरू झाल्यापासून त्याला कोणीही प्रोब लावला नव्हता. यादीत तो नाही हे २००३ मध्ये एका कंत्राटदाराच्या लक्षात आलं, आणि तपासणी ठरली होती १४ ऑगस्ट २००४ ला. पाच दिवस आधी पाईप गेला.

लक्षात घ्या, ती लाइन किरणोत्सारी नव्हती. ‘अणु’ म्हणून ज्या भागाकडे सगळे डोळे लावून बसतात, त्या भागात ती नव्हतीच.

आपल्या दाराशीही उदाहरण आहे. गुजरातेतलं काक्रापार, ११ मार्च २०१६. पहिल्या भट्टीतली एक प्रेशर ट्यूब, म्हणजे इंधन धरून ठेवणारी नळी, चिरली आणि जड पाणी गळून आपत्कालीन स्थिती जाहीर करावी लागली. त्याआधी जुलै २०१५ मध्ये दुसऱ्या भट्टीतही एक नळी गळली होती. आपल्याच मंडळाने चौकशी केली, नळी बाहेर काढून तपासली गेली, आणि गंज निघाला तो नळीच्या बाहेरच्या अंगाला. तपासणीचं यंत्र फिरतं नळीच्या आतून. नळ्या नव्या धातूच्या होत्या, फार जुन्याही नव्हत्या, आणि बाहेरून असं काही होईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. यादी करणारा माणूस आपल्याला माहीत असलेल्या रोगांचीच यादी करतो. म्हणून परवाना वाढवताना यादीबाहेरच्याही काही जागा उघडून बघाव्या लागतात.

आता व्हॉल्व्ह. पाईप निदान एका जागी पडून झिजतो, व्हॉल्व्ह फसवतो. कारखान्यात आम्ही म्हणतो, ‘व्हॉल्व्ह पास होतोय’, म्हणजे चाक पूर्ण बंद आणि आतून पाणी चाललेलंच. बाहेरून कळत नाही. कान लावावा लागतो, पुढचा पाईप हाताला गरम लागतो का ते बघावं लागतं. १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि नियंत्रण कक्षातला दिवा तो बंद असल्याचं सांगत होता, कारण दिवा बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. पाणी एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हांची गोष्ट तर आणखी वाईट. त्यांना चाक नाही, दिवा नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे इथे बाष्पजनित्रांना पाणी पुरवणाऱ्या फीडवॉटर लाइनींचे पाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी झालेले निघाले, आणि ते कधीपासून तसे होते हे कळलं ते लाइनीत पाण्याचा दणका बसल्यावर.

अमेरिकेच्या परवाना नूतनीकरणाच्या नियमात व्हॉल्व्हची बॉडी एका खात्यात आणि आतली हलणारी झडप दुसऱ्या खात्यात धरतात : बॉडीचं म्हातारपण नूतनीकरणाच्या अर्जात तपासायचं, झडपेचं रोजच्या देखभालीत. कागदावर हे सोयीचं असेल. पण झडप जिथे बसते ती सीट बॉडीचा भाग की झडपेचा, यावर फिटरची आणि तपासनीसाची भांडणं मी स्वतः ऐकली आहेत, आणि अशा भांडणात सीट कोणीच बघत नाही. आपल्याकडे हे काम कोणाच्या खात्यात आहे, ते मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

त्या नियमातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी अशी आहे. तिथे परवाना वाढवून मागणाऱ्याचा अर्ज, म्हाताऱ्या पाईप-व्हॉल्व्हांच्या तपासणीचा कार्यक्रम आणि त्यावरचा नियामकाचा अहवाल कोणालाही वाचता येतो, त्यावर बोलताही येतं. त्यामुळे सगळं सुटतं असं नाही. ऑयस्टर क्रीकला ८ एप्रिल २००९ ला वीस वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि आठवडाभरात जमिनीखालच्या पाईपांतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, झिरपत असल्याचं उघड झालं. पण लोकांच्या हाती कागद होते, म्हणून कुठल्या पाईपाबद्दल काय लिहिलं होतं हे विचारता आलं. इथे मी काय विचारू? आपल्याकडे परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि दर दहा वर्षांनी सखोल आढावा, ही पद्धत खरोखर चांगली आहे, वीस वर्षांच्या मुदतवाढीपेक्षा चांगली. पण त्या आढाव्यात काय सापडलं, हे चिंचणीच्या माणसाला मराठीत वाचता येईल असं काही आजवर माझ्या हाती आलेलं नाही.

सुरक्षिततेचं कारण पुढे येईल, ते मला मान्य आहे. कुठल्या खोलीत कुठला व्हॉल्व्ह आहे हे सांगू नका. मला आकडे हवे आहेत. प्रत्येक प्रणालीत वेल्डचे सांधे किती, त्यांतले किती या खेपेला तपासले, कुठल्या पद्धतीने. पातळातली पातळ भिंत किती मिळाली आणि चालण्यासाठी कमीत कमी किती लागते. किती व्हॉल्व्ह उघडून आतून बघितले आणि किती नुसते चालवून बघितले. जमिनीखालून जाणारे पाईप किती, आणि त्यांतले किती खणून पाहिले. आणि शेवटी तो रकाना, ज्यात ‘एन. ए.’ लिहिलं गेलं : किती पॉइंटांना, सलग किती वर्षं, काय कारणाने.

मोजणाऱ्याबद्दलही. न्यूयॉर्क राज्यातली नाईन माईल पॉइंटची भट्टी तारापूरच्याच वर्षीची. १९८२ साली तिच्या रिसर्क्युलेशन पाईपांत चिरा सापडल्या, त्या गळतीवरून. काही महिनेच आधी तिथे अल्ट्रासॉनिक तपासणी होऊन सगळं ठीक आहे असा शेरा पडला होता. स्टेनलेसच्या वेल्डमध्ये आवाजाची लहर विखुरते, चीर आणि वेल्डचं मूळ, म्हणजे त्याची आतली कड, पडद्यावर सारखंच दिसतं. त्यानंतर तिकडे तपासनीसाला खऱ्या चिरा असलेले पाईपाचे तुकडे समोर ठेवून परीक्षा द्यावी लागू लागली. तारापूरला प्रोब धरणाऱ्या प्रत्येक माणसाची, कंत्राटी असला तरी, अशी परीक्षा झाली का आणि त्यात किती जण नापास झाले, हेही जाहीर करावं. नापास झालेल्यांचा आकडा शून्य असेल तर परीक्षा सोपी होती असं मी धरेन.

आणि तपासायच्या जागा सगळ्याच वीज केंद्राने निवडू नयेत. दर खेपेला काही जागा आपल्या मंडळाने स्वतः निवडाव्यात, आधी न कळवता, मुद्दाम अडचणीच्या : केबल ट्रेच्या मागच्या, भिंतीतून आरपार जाणाऱ्या, प्रवाह अरुंद करणाऱ्या ऑरिफिसच्या लगेच पुढच्या. पाईप टांगून धरणारे हँगर आणि सपोर्ट त्यात घ्यावेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे जमिनीचे हादरे लोकांनी शेकड्यांनी सोसले आहेत. ते मोठे नव्हते हे खरं, पण पन्नास वर्षांच्या जुन्या हँगरचा बोल्ट सैल झाला आहे का, हे हात लावूनच कळतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा केला. खासगी कंपन्यांना अणुवीजेचं दार उघडलं आणि १९८३ पासून सरकारी आदेशावर चालत आलेल्या आपल्या मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. उद्या भट्टी चालवणारे अनेक असतील. त्यांच्याकडून जे कागद मागायचे, त्यांचा पायंडा आज तारापूरलाच पडायला हवा.

पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी गावं सोडली. घिवली, दांडी, नवापूर, चिंचणी, तारापूर इथली माणसं अजून जागेवर आहेत, त्याच समुद्रात जाळं टाकतात. त्यांच्यासाठी ही यादी मराठीत हवी, आणि परवान्यावर सही होण्याआधी हवी.

या पत्राची एक प्रत मी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देत आहे. आपलं उत्तर आलं की त्याच्या प्रती काढून या गावांच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर मी स्वतः नेऊन लावीन.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस,
बोईसर, जि. पालघर