एकाच नावाची दोन ग्राफिक्स कार्डं

महोदय,

ऑक्टोबर २०२५मध्ये एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचं बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर गेलं आणि अर्थविषयक पानांवर त्याचं भरभरून कौतुक झालं. त्याबद्दल तक्रार नाही. अमेरिकी निर्देशांकाच्या फंडात माझीही छोटी एसआयपी आहे. पण मी सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. पीसीत चित्रांचं आणि व्हिडिओचं काम सांभाळणाऱ्या ज्या ग्राफिक्स कार्डांनी या कंपनीला नाव मिळवून दिलं, ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशी मारली जातात, यावर मात्र त्या पानांवर ओळही सापडत नाही.

जून २०१६मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०७० कार्डावर ८ जीबी मेमरी होती, जाहीर किंमत ३७९ डॉलर. एप्रिल २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आलं. त्याची किंमत ३७९ डॉलर, मेमरी ८ जीबी! चिप कितीतरी वेगवान झाली, हे मान्य. मेमरी मात्र नऊ वर्षांपूर्वीचीच. आणखी ५० डॉलर मोजले की १६ जीबी मिळते, पण त्या कार्डाचंही नाव तेच. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनेही आपल्या आरएक्स ९०६० एक्सटी कार्डाबाबत हेच केलं.

याने काय बिघडतं? रात्रीच्या वरातीचं फोर-के शूटिंग मंद उजेडात दाणेदार येतं. ते साफ करायला डाविन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबीच्या कार्डावर रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होणं, अर्ध्यात थांबतो आणि जीपीयूची, म्हणजे कार्डाची, मेमरी भरल्याचा मेसेज येतो. मग रिझोल्यूशन उतरवा, तुकड्या-तुकड्यांनी रेंडर करा, तोवर नवरीकडच्यांचे फोन सुरू. पीसीची रॅम मागाहून वाढवता येते. कार्डावरची मेमरी सोल्डर केलेली असते, तिथे काही करता येत नाही. माझ्या हाताखाली शिकून स्वतःचं काम सुरू केलेल्या एका मुलाने कर्ज काढून असेंबल केलेला पीसी घेतला. कोटेशनवर नुसतं ‘आरटीएक्स ५०६० टीआय’. आत ८ जीबीचं कार्ड निघालं. दुकानदार म्हणाला, लिहिलंय तेच दिलंय. आणि त्याला खोटं पाडता येत नाही, हीच खरी मेख आहे.

गुंतवणूकदारांना हे गिऱ्हाइकांचं रडगाणं वाटत असेल, तर त्यांनी २०१७ आठवावं. क्रिप्टो मायनिंगवाले, म्हणजे संगणकावर आभासी चलन कमावणारे, कार्डं उचलत होते आणि गेम खेळणाऱ्यांना ती मिळत नव्हती. माल कुठे जातोय, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. एनव्हिडियाच्या तिमाही अहवालांत मात्र गेमिंगची विक्री वाढल्याचं दिसत होतं, त्यात मायनिंगचा हात किती ते नव्हतं. नोव्हेंबर २०१८मध्ये न खपलेल्या कार्डांचा साठा उघड झाला आणि शेअर एका दिवसात जवळपास १९ टक्के पडला. अहवालांतल्या मायनिंगबद्दलच्या या अपुऱ्या माहितीसाठी अमेरिकेच्या रोखे आयोगाने मे २०२२मध्ये ५५ लाख डॉलरचा दंड केला. आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने तो भरायचं कबूल केलं.

जानेवारी २०२२ला संपलेल्या वर्षात कंपनीच्या उत्पन्नात गेमिंगचा वाटा निम्म्याच्या जवळ होता. जानेवारी २०२५पर्यंत तो दहा टक्क्यांच्याही खाली आला. बाकी बहुतेक पैसा एआयच्या डेटा सेंटरचा. म्हणूनच आमची नाराजी आज शेअरच्या भावात उमटत नाही. पण सगळी मदार मोजक्या बड्या खरेदीदारांवर असणं, यात मला गुंतवणूकदार म्हणूनही धोका दिसतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या नावांची दखल घ्यावी आणि जाहिरात, कोटेशन व बिल या तिन्हींवर कार्डाची मेमरी लिहिणं सक्तीचं करावं. आणि आपल्याला विनंती अशी, की तिमाही निकालांच्या बातमीशेजारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारातले कार्डांचे भावही मेमरीसह छापा.

– आपली एक वाचक, सांगली