सर, तुमच्या वहीचे आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

२६ जानेवारीला झेंडावंदनाआधी दहा किलोमीटरची शर्यत, हे आता गावात कुणाला सांगावं लागत नाही. लोक श्रेय बक्षिसांना देतात. आमच्या मते ते मार्गाची मोजणी लिहिलेल्या तुमच्या दोनशे पानी वहीचं आहे.

आधीच्या आयोजकांनी फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा, हे इंचात मोजलं. रस्ता मात्र मोटरसायकलच्या काट्यावर. मोटरसायकल वळणावर आपली डावी बाजू धरून जाते, धावणारा आतली कड धरतो. मग जाहीर झालेले दहा किलोमीटर पायाखाली दहा भरणार कसे? त्यात सुरुवातीची रेघ दरवर्षी स्टेज जाईल तिकडे सरकायची. गेल्या वर्षीची वेळ यंदाशी ताडून बघायची सोयच नव्हती.

तुम्ही स्टीलच्या टेपने सरळ रस्त्यावर ३०० मीटर आखले, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारं यंत्र, लावून सायकल त्यावरून चार वेळा नेली, किती आकडे म्हणजे किती मीटर हे ठरवलं, मग मार्ग मोजला आणि पुन्हा त्याच ३०० मीटरवर चार फेऱ्या. कारण ऊन चढलं की टायरातली हवा प्रसरण पावते, चाकाचा घेर वाढतो, आकडे बदलतात. सायकल वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्त, मार्ग चुकूनही आखूड निघू नये म्हणून. ‘दहा मीटरनी काय होतंय’ म्हणणाऱ्यांशी तुम्ही वादही घातला नाहीत.

पण मनात राहिलंय ते त्याच्या नंतरचं. रंगाची रेघ पावसाळ्यात पुसली जाते. तुम्ही वॉशर घालून रस्त्यात खिळा ठोकलात आणि वहीत लिहिलंत: मोरीच्या कठड्याच्या पूर्व टोकापासून किती, विजेच्या खांबापासून किती, सेंटिमीटरपर्यंत. आणि वही आमच्याकडे देऊन टाकलीत. पुढे नवं डांबर पडलं, खिळे गाडले गेले. दोन खुणांवरून दोन टेपा ताणल्या, त्या मिळाल्या तिथे सुरुवात.

तुमचं नाव कुठल्याच फ्लेक्सवर नाही, तुम्ही येऊ दिलं नाहीत. कुणी बघत नसताना हिशेब चोख ठेवणारी अशी माणसं आहेत म्हणून गावातली निम्मी कामं चालतात.

आता त्या मोरीचा कठडा पाडलाय, नवी खूण घ्यावी लागेल. सायकल तेलपाणी करून ठेवली आहे. पंप तेवढा तुमचा आणा.

आपले,
शर्यतीचे कार्यकर्ते