आलेखाच्या विंडोत फाइल ओढून टाकता यायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीच्या विज्ञान अभ्यासक्रमात पायथॉन ही संगणकभाषा रुळू लागल्यापासून प्रयोगशाळेतले आलेख 'मॅटप्लॉटलिब' या मुक्त प्रणालीतून काढण्याची पद्धत पडत चालली आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत अभ्यासता यावेत, या गरजेतून जॉन हंटर यांनी उभी केलेली ही प्रणाली 2003 पासून सर्वांना खुली आहे. तिच्या विंडोत आलेख सरकवता येतो, हवा तेवढा भाग मोठा करून पाहता येतो. मात्र आपली फाइल उचलून थेट त्या विंडोत टाकण्याची सोय तिच्यात नाही. कळ दाबली, माउसचे बटण दाबले, चाक फिरवले की विंडोला ते कळते, पण फाइल टाकल्याचे कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कोणी याला चैन म्हणेल. पण ऑसिलोस्कोपमधून (विद्युत्-संकेत दाखवणाऱ्या उपकरणातून) पेन ड्राइव्हवर घेतलेली सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची फाइल, वाचण्यासाठी विद्यार्थ्याला तिचा पूर्ण पत्ता प्रोग्राममध्ये टंकावा लागतो. विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ असते आणि फोल्डरचे नाव 'एन'ने सुरू होत असेल तर पायथॉन त्या जोडीचा अर्थ नवी ओळ असा लावतो. 'टी' असेल तर टॅब. फाइल समोर दिसत असूनही ती सापडत नसल्याचा संदेश येतो आणि डायोडचा गुणधर्म समजून घेण्याचा तास रेघा दुरुस्त करण्यात जातो.

तांत्रिकदृष्ट्या काम अवघड नाही, पण ते नीट करायला हवे. 'क्यूटी' या विंडो तयार करणाऱ्या साधनसंचावर चालणाऱ्या विंडोत फाइल स्वीकारण्याची परवानगी आधी चालू करावी लागते. मग फाइल विंडोवर आल्याची आणि ती सोडल्याची, अशा दोन वेगळ्या सूचना प्रोग्रामला मिळतात. पायथॉनसोबत येणाऱ्या 'टीके' या तशाच साधनसंचाला मात्र त्यासाठी वेगळी जोडणी लागते. खरी गफलत पुढे होते. क्यूटी उभे अंतर विंडोच्या वरच्या कडेपासून मोजते, मॅटप्लॉटलिब खालच्या कडेपासून. हे मोजमाप उलटवून घेतले नाही, तर एकाखाली एक दोन आलेख असताना वरच्यावर टाकलेली फाइल खालच्यात उमटते. त्याहून गंभीर बाब अशी की, फाइल 'हलवली' म्हणून स्वीकारली तर मूळ प्रत काढून टाकणे हे पाठवणाऱ्या प्रोग्रामचे काम ठरते. म्हणून आलेखाच्या विंडोने फाइल नेहमी 'प्रत' म्हणूनच स्वीकारावी. विद्यार्थ्याची एकमेव नोंद अशा चुकीने जाता कामा नये.

माझा सर्वाधिक आग्रह एका गोष्टीसाठी आहे. नवी फाइल टाकली म्हणून समोरचा आलेख पुसला जाऊ नये. आलेख काढायचा तो तुलनेसाठी. तेव्हा नवी रेषा जुन्यांच्या जोडीला यावी, मोठा करून पाहत असलेला भाग जागचा हलू नये, आणि जुने पुसायचे असेल तर विद्यार्थ्याने तसे स्पष्ट सांगावे. फाइल सोडण्यापूर्वीच, ती हातात असताना, कोणत्या आलेखात ती जाणार आहे हे त्या चौकटीचा रंग बदलून दाखवावे, आणि चालणार नसेल ती फाइल तिथेच नाकारावी. मोठी फाइल सोडताक्षणी वाचू लागल्यास विंडोजवर जिथून ती ओढली ते फोल्डरही अडकून पडते, म्हणून आधी केवळ नाव घेऊन वाचन मागाहून करावे.

मराठी नावांच्या फाइलींची चाचणी तर आपल्यालाच करावी लागेल. लिनक्सवर ओढलेल्या फाइलीचा पत्ता सांकेतिक रूपात येतो आणि त्यात 'प्रयोग' एवढा शब्द 54 चिन्हांचा होतो. तो उलगडण्याची तजवीज नसेल, तर देवनागरीत नाव दिलेल्या फाइली उघडणारच नाहीत आणि परदेशी विकसकाच्या ते लक्षातही येणार नाही.

ओढून टाकण्याबरोबर साधे 'उघडा' बटण आणि कळफलकाची वाटही ठेवावी. हात थरथरणाऱ्या व्यक्तीला बटण दाबून धरत माउस सरकवणे जमत नाही. 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब-सुगम्यता निकषांत ओढणे अपरिहार्य असल्याखेरीज ओढण्याच्या क्रियेला न ओढता करता येणारा पर्याय असावा, असे याच कारणाने सांगितले आहे.

आयआयटी मुंबईतील 'फॉसी' प्रकल्प शिक्षणात मुक्त प्रणालींचा प्रसार करतो. त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत हा विषय ठेवावा, तयार झालेली भर कपाटातल्या अहवालात न ठेवता मूळ प्रणालीच्या विकसकांकडे पाठवावी, आणि तपासणीसाठी आमच्यासारख्या प्रयोगशाळांतल्या खऱ्या फाइली मागून घ्याव्यात. त्या आम्ही आनंदाने देऊ.

आपली,
भौतिकशास्त्राची एक अध्यापिका, सातारा