साडेतीन महिन्यांचा देश

प्रिय मंदार,

परवा तुझा मेसेज आला, "तुमचं बरंय बाबा, समाजवादी देशात राहता, सगळं सरकारच बघतं." दोन ओळीत उत्तर टाइप करायला घेतलं पण जमेना, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. फिनलंड समाजवादी नाहीये रे. कंपन्या खाजगी, जंगलंसुद्धा बरीचशी खाजगी माणसांच्या मालकीची, शेअर बाजार जोरात. पण समाजवादी फिनलंड नावाचं प्रकरण खरंच घडून गेलंय, एकदा नाही दोनदा, दोन्ही वेळा साधारण साडेतीन महिने टिकलं, आणि त्यातलं दुसरं तर जवळपास कागदावरच होतं. इथे आल्यापासून मी यावर मिळेल ते वाचतोय आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

कागदावरच्यापासून सुरू करतो. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजांनी फिनलंडवर हल्ला केला, हेलसिंकीवर बॉम्ब पडले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ डिसेंबरला, मॉस्कोने जाहीर केलं की तेरियोकी या गावात फिनलंडचं "खरं" जनतेचं सरकार स्थापन झालंय. तेरियोकी म्हणजे सीमेलगतचं समुद्रकिनाऱ्याचं गाव, लोक उन्हाळ्यात सुट्टीला जायचे तिथे, आणि ते नुकतंच रेड आर्मीने घेतलेलं. नाव ठेवलं फिनिश लोकशाही प्रजासत्ताक, समाजवादी हा शब्द मुद्दाम टाळला, आम्ही सोव्हिएत पद्धत आणणार नाही असंही जाहीरनाम्यात सांगितलं. प्रमुख कोण, तर ओटो विले कूसिनेन, फिनिश कम्युनिस्ट नेता, जो १९१८ पासून बहुतेक काळ रशियातच होता.

२ डिसेंबरला मॉस्कोत स्टालिनच्या समोर या सरकारशी करार झाला, सही सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवची आणि कूसिनेनची. रशियाने सीमेपलीकडच्या आपल्या कारेलिया प्रांताचा ७०,००० चौरस किलोमीटर भाग या देशाला देऊन टाकला आणि बदल्यात लेनिनग्राडजवळचा ३,९७० चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला. म्हणजे ज्या देशाकडे राजधानी नाही, जनता नाही, त्याला नकाशात एवढी मोठी जमीन मिळाली. आणि याचा उपयोग काय झाला माहितीये? लीग ऑफ नेशन्सने जाब विचारला तेव्हा मोलोतोवने सरळ कळवलं की आमचं फिनलंडशी युद्धच नाहीये, फिनलंडच्या सरकारशी आमचा मैत्रीचा करार आहे. १४ डिसेंबरला लीगने सोव्हिएत युनियनला काढून टाकलं.

आता मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. त्या सरकारच्या जाहीरनाम्यात कामगारांना आठ तासांचा दिवस देऊ, मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून भूमिहीनांना वाटू, असं लिहिलं होतं. वाचून कोणीही म्हणेल चांगलंय की. पण आठ तासांचा कायदा इथे १९१७ मध्येच झाला होता, इथल्या कामगारांनी स्वतः संप करून, मोर्चे काढून मिळवलेला. जमीन म्हणशील तर १९१८ च्या कायद्याने कुळांना त्यांची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला, १९२२ मध्ये अजून एक कायदा आला. मतदानाचा हक्क तर १९०६ पासून, बायकांनासुद्धा, युरोपात सगळ्यात आधी, आणि १९०७ च्या पहिल्या निवडणुकीत १९ बायका निवडून आल्या होत्या. म्हणजे तेरियोकीचं सरकार जे द्यायला निघालं होतं ते लोकांच्या हातात आधीच होतं, मग कोण जाणार त्यांच्यामागे? कामगार संघटनांनी आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाने या सरकारला साफ नाकारलं, आणि ज्यांच्या बापाला १९१८ च्या यादवीत गोऱ्यांनी, म्हणजे लाल कामगारांविरुद्ध लढणाऱ्या सरकारी बाजूने, गोळ्या घातल्या होत्या ती पोरं त्याच गोऱ्यांच्या सेनापतीच्या, मानरहाइमच्या, हाताखाली सीमेवर लढली. हे वाक्य लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

गोरे-लाल म्हणजे काय ते सांगायला मागे जावं लागेल. मी राहतो ते ताम्पेरे म्हणजे गिरणगाव. फिनलेसनची कापड गिरणी इथली, तिच्या विणकाम खात्यात १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले, सगळ्या नॉर्डिक देशांत पहिले. जवळच आमुरी नावाची कामगारांची वस्ती होती, तिथली काही लाकडी घरं म्युझियम म्हणून जपलीयेत. मधे एक स्वयंपाकघर, भोवती चार खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, आणि चार घरच्या बायका त्या एकाच स्वयंपाकघरात. मी तिथे उभा राहिलो आणि तुझ्या आजोबांची लालबागची चाळ आठवली, नळावरच्या रांगेसकट. याच गिरण्यांतल्या पोरी पुढे १९१८ मध्ये बंदूक घेऊन लाल तुकड्यांत उभ्या राहिल्या, देशभरात दोन हजारांच्या वर होत्या.

१९१६ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट्सना २०० पैकी १०३ जागा होत्या. बहुमत, तेही मतपेटीतून! पण १९१७ मध्ये संसद बरखास्त झाली, पुढच्या निवडणुकीत ९२ वर आले, धान्य संपत आलेलं, दोन्ही बाजूंनी हत्यारबंद तुकड्या तयार होत होत्या. २६ जानेवारी १९१८ च्या रात्री हेलसिंकीतल्या कामगार भवनाच्या मनोऱ्यावर लाल कंदील लावला, तो उठावाचा इशारा. ती इमारत हाकानिएमीला अजून आहे, आता तिथे कॉन्फरन्सेस होतात. मान्नेर नावाच्या नेत्याच्या हाताखाली सरकार बनलं, रशियाशी १ मार्चला करार झाला त्यात देशाचं नाव आलं फिनिश समाजवादी कामगार प्रजासत्ताक. राज्यघटनेचा मसुदा याच कूसिनेनने लिहिला आणि त्यात हुकूमशाही नव्हती रे, संसद होती, सार्वमत होतं, स्वित्झर्लंडसारखं.

ती घटना कधी लागूच झाली नाही. ताम्पेरे एप्रिलच्या सुरुवातीला पडलं, त्याच दिवसांत गोऱ्यांच्या मदतीला जर्मन उतरले, हेलसिंकी गेली, आणि नेते वीबोर्गहून बोटीने पेत्रोग्राडला (पुढचं लेनिनग्राड) निघून गेले, मागे साधी माणसं राहिली. सुमारे ८०,००० लाल कैदी छावण्यांत कोंबले आणि त्या एका वर्षात १२,००० च्या वर माणसं भुकेने आणि साथीने मेली. हेलसिंकीला आलेला प्रत्येक पाहुणा फेरीने सुओमेनलिन्ना किल्ल्यावर जातो, हिरवळीवर बसून फोटो काढतो, तिथेही अशीच एक छावणी होती. लाल तुकड्यांनीही माणसं मारली, ते लपवायचं कारण नाही, पण लढाई संपल्यावर जे झालं त्याला माझ्याकडे माफी नाही.

आणि इथे मला दोन माणसं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. कूसिनेन आणि वाइनो तान्नेर. दोघांचा जन्म १८८१ चा, दोघं एकाच पक्षातले. तान्नेर उठावात गेला नाही, हरलेला पक्ष त्याने पुन्हा उभा केला, आणि यादवीनंतर फक्त आठ वर्षांनी, १९२६ मध्ये, तो पंतप्रधान झाला. त्याच्या मंत्रिमंडळात मिना सिलानपा होती, आधी मोलकरीण म्हणून काम केलेली बाई, देशाची पहिली महिला मंत्री. ज्या दिवशी तेरियोकीचं सरकार जाहीर झालं त्याच १ डिसेंबर १९३९ ला हेलसिंकीत नवं मंत्रिमंडळ आलं आणि परराष्ट्रमंत्री झाला तान्नेर. म्हणजे दोन जुने सोबती, दोन फिनलंड, एकाच दिवशी समोरासमोर. तान्नेरचं सगळंच मला पटतं असं नाही, पण छावण्यांतून सुटून आलेल्या माणसांना पुन्हा मतपेटीकडे, युनियनकडे, सहकारी दुकानांकडे वळवायचं काम अशा लोकांनी केलं आणि म्हणून १९३९ ला देश फुटला नाही असं माझं ठाम मत आहे. जानेवारी १९४० मध्ये, ऐन युद्धात, मालकांच्या संघटनेने पहिल्यांदा कामगार संघटनांना वाटाघाटीचा हक्क मान्य केला. तुला जे "समाजवादी" दिसतं ना, त्याचा मोठा भाग इथून पुढे आलाय. आजही इथे किमान वेतनाचा सरकारी कायदा नाहीये, पगार युनियन आणि मालक बसून ठरवतात आणि तो करार बऱ्याच धंद्यांत सगळ्यांना लागू होतो, माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यालाही.

कागदी देशाचं पुढे काय झालं? मार्च १९४० मध्ये मॉस्कोने हेलसिंकीतल्याच सरकारशी तह केला आणि तेरियोकीचं सरकार गुंडाळलं. लगेच त्याच महिन्यात कारेलो-फिनिश सोव्हिएत प्रजासत्ताक काढलं, सोव्हिएत युनियनमधलं पूर्ण दर्जाचं राज्य, आणि पुढे कूसिनेनच त्याचा अध्यक्ष. पण तिथे फिनिश माणसं होती कुठे? कारेलियातले फिनिश पुढारी, अमेरिकेतून समाजवाद उभारायला आलेले हजारो फिनिश कामगार, त्यातले कितीतरी १९३७-३८ मध्ये स्टालिनने मारून टाकलेले. मान्नेरसुद्धा, लाल फिनलंडचा प्रमुख, रशियाच्याच छावणीत १९३९ मध्ये मेला. कूसिनेनची स्वतःची बायको आणि मुलगा तुरुंगात गेले आणि तो वर चढत राहिला, १९६४ मध्ये गेला तेव्हा अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत. १९५६ मध्ये ते प्रजासत्ताकही रद्द झालं, रशियातला एक स्वायत्त प्रांत उरला. मॉस्कोच्या प्रदर्शन मैदानात सोनेरी पुतळ्यांचं कारंजं आहे, एकेक बाई म्हणजे एकेक प्रजासत्ताक. सोव्हिएत युनियनमध्ये शेवटी प्रजासत्ताकं पंधरा होती, पुतळे सोळा आहेत.

तेरियोकी आता रशियात आहे, झेलेनोगोर्स्क म्हणतात, आणि २०२३ च्या शेवटापासून फिनलंडने सीमा बंद ठेवलीये त्यामुळे इथून जाता येत नाही. पण तू उन्हाळ्यात येच, आमुरीची घरं तेव्हा उघडी असतात आणि फिनलेसनच्या आवारात कामगार म्युझियमही आहे. आणि आजोबांच्या खोलीत किती माणसं राहायची, पाळ्या कशा असायच्या, युनियनची मीटिंग कुठे व्हायची ते काकांना विचारून लिही, सविस्तर. समाजवादाबद्दल तुझं म्हणणं वेगळं असेल तर तेही लिही, मला वाद घालायचाय तुझ्याशी यावर.

तुझा,
सुहास